रिकामी पिकअप उडते: पाटा काढायच्या आधी काय तपासायचं

तक्रार नेहमीचीच. शिरोली एमआयडीसीतून दीड टन कास्टिंग भरलं की गाडी झोकात जाते. माल उतरवून परत निघाली की कागलपासून पुलाच्या प्रत्येक सांध्यावर मागचा भाग उडतो, फाळका आपटतो, साखळी खडखडते आणि कोल्हापुरात पोचेपर्यंत ड्रायव्हरची कंबर धरते. मग मालक गाडी उद्यमनगरात नेतो आणि मागच्या स्प्रिंगच्या प्रत्येक सेटमधला एकेक पाटा (कमानीसारखी पोलादी पट्टी) काढून घेतो. महिनाभर बरं वाटतं. पुढं भरलेली गाडी मागं बसायला लागते, खड्ड्यात एक्सल चेसीला ठोकतो, म्हणून पाटा परत टाकतात. दणके तिथंच.

हे चक्र सुटत नाही, कारण बऱ्याच गाड्यांत दोष पाट्यांच्या संख्येत नसतो. पाटे एकमेकांवर सरकत नसतात, बुश (पाट्याच्या टोकाच्या भोकात बसणाऱ्या नळ्या) जाम झालेले असतात, किंवा टायरात भरलेल्या गाडीची हवा घेऊन रिकामी गाडी पळत असते. या तिन्हीला खर्च फारसा नाही. पाटा काढायचा निर्णय अगदी शेवटी घ्यायचा.

रिकामी असतानाच का?

थोडा हिशेब करू. समजा हौद्यात, एक्सलच्या बरोबर वर, १००० किलो ठेवले की हौदा ६ सेंमी बसतो. म्हणजे दोन्ही बाजूंचे पाटे मिळून सेंमीला साधारण १६७ किलो घेतात. रिकाम्या गाडीचं मागच्या पाट्यांवर ५०० किलो येतं असं धरलं, तर पाटा जेमतेम ३ सेंमी दबलेला असतो. वर १५०० किलो चढवले की १२ सेंमी. आता ५ ला या सेंमीच्या वर्गमुळानं भागा, म्हणजे गाडी सेकंदाला किती हेलकावे घेते ते निघतं. भरलेली गाडी १.४, रिकामी २.९. माणसाला एक ते दीड हेलकावा सुखाचा. चार ते आठच्या टप्प्यात पोट आणि पाठीचा कणा सगळ्यात जास्त ढवळून निघतो.

म्हणजे रिकामी पिकअप कारसारखी चालणार नाही, हे मान्यच करायचं. पण २.९ आणि ४ मध्ये मोठा फरक आहे, आणि गाडी ४ कडे ढकलली जाते ती गंजामुळं. पाच सारखे पाटे एकमेकांवर मोकळे सरकतात तेव्हा सेट एका पाट्याच्या पाचपट ताठ असतो. तेच पाच पाटे एकजीव झाले तर १२५ पट, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. गंजानं पाटे पूर्ण एकजीव होत नाहीत, मोठ्या खड्ड्यात सुटतात. पण सांधे, खडी, उसाच्या ट्रॉल्यांनी डांबराला पाडलेल्या लाटा असल्या बारीक दणक्यांना ते चिकटलेलेच राहतात. तेव्हा मागं स्प्रिंग म्हणून काम करणारा एकच भाग उरतो, तो म्हणजे टायर.

हवा

आधी इथंच हात घाला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर किंवा मॅन्युअल बघा. बऱ्याच गाड्यांना मागच्या टायरसाठी रिकाम्याचा आणि भरलेल्याचा असे दोन वेगळे आकडे असतात. हवावाला विचारत नाही, सरसकट मोठा आकडा भरतो आणि रिकामी गाडी दगडावर चालल्यासारखी चालते.

रिकाम्याचा आकडा दिलेलाच नसेल तर खडूनं काढता येतो. मागच्या टायरच्या पट्ट्यावर आडवी जाड रेघ मारा आणि सपाट, कोरड्या रस्त्यावर सरळ पन्नासेक मीटर गाडी चालवा. रेघ फक्त मधे पुसली गेली आणि कडांना शाबूत राहिली, तर हवा जास्त आहे. ५ पीएसआय कमी करून पुन्हा बघा. रेघ सगळीकडं सारखी पुसली की थांबा. पुढच्या चाकांना जो आकडा दिलाय त्याच्या खाली मागची हवा नेऊ नका. मोजणी टायर थंड असताना करायची. हायवेवरून आल्या आल्या मोजली तर आकडा चार-सहा पीएसआय फुगलेला दिसतो आणि तो बघून हवा सोडली की सकाळी टायर कमी हवेवर उभा.

यात धोका एकच आहे, पण तो मोठा आहे. कमी केलेल्या हवेवर माल भरला तर टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, तापते आणि उन्हाळ्यात हायवेवर फुटते. म्हणून भरायला लावण्याच्या आधी हवा पुन्हा भरलेल्याच्या आकड्यावर आणायची. बारा व्होल्टचा पंप आणि एक बरा गेज केबिनमध्ये असेल तरच हा उद्योग करा. नसेल तर हवा मोठ्या आकड्यावरच ठेवा, दणके खा.

टायर बदलताना कंपनीनं ८ पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या ताकदीचा आकडा) दिलेल्या जागी १० पीआर घातला असेल तर त्याची बाजू मुळातच जाड आणि ताठ असते. तोही फरक सीटला कळतो.

पाटे सरकतात का?

याला टेप आणि दोन माणसं पुरतात. गाडी सपाट जागेवर, रिकामी, हँडब्रेक सोडून आणि पुढच्या चाकांना दगड लावून उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर हौद्याच्या कडेला एक खूण करा. आता दोघांनी फाळक्याजवळ उभं राहून गाडी खाली दाबायची, हळू उतरायचं आणि चाकाच्या मध्यापासून खुणेपर्यंतची उंची मोजायची. मग चेसीखाली जॅक लावून हौदा चार-पाच सेंमी उचला, सावकाश सोडा, जॅक बाजूला काढा, पुन्हा मोजा.

मोकळ्या सेटमध्ये या दोन उंचींत एक सेंमीच्या आत फरक येतो. तेवढं घर्षण पाट्यांत असतंच. फरक दोन सेंमीच्या पुढं गेला तर सेट किंवा बुश जाम आहेत. वरच्या उदाहरणातल्या गाडीत दोन सेंमी म्हणजे १६७ किलोपर्यंतचा दणका पाटा न हलता थेट चेसीला देतो. अशा गाडीचा पाटा काढून काय मिळणार?

डोळ्यांनीही दिसतं. पाट्यांच्या फटीतून तांबूस पावडर झिरपलेली असते. वरच्या पाट्याच्या पोटाला, खालच्याचं टोक जिथं टेकतं तिथं, चकचकीत घासल्याची खूण असायला हवी. ती नसली आणि तिथं गंजाचा थर असला, तर ते टोक कित्येक महिन्यांत सरकलेलं नाही. पाटे जखडून धरणारी क्लिप कुणी हातोड्यानं आवळून बसवली असेल तर तीही पाटे चिकटवते. क्लिपमधून पाटा मागंपुढं सरकला पाहिजे.

शॉकअप

बंपर दाबून सोडायची कारची युक्ती इथं चालत नाही. रिकाम्या पिकअपचा पाटा एवढा ताठ असतो की शॉकअप मेलेला असला तरी गाडी एकदाच हलते. त्याऐवजी खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून लगेच चारही शॉकअपच्या नळकांड्यांना हात लावा. सायलेन्सर जवळ आहे, जपून. काम करणारा शॉकअप कोमट ते गरम लागतो, कारण दणक्याची ताकद तो तेलातून उष्णतेत घालवतो. तीन गरम आणि एक गार असेल तर गार तो मेला. चारही गार असतील तर एक तर चारही गेले, नाहीतर पाटे इतके जाम की शॉकअपला हलायलाच मिळत नाही.

नळकांड्यावर धुळीचा पातळ ओलसर थर असेल तर चालतं. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर बदला, आणि जोडीनंच बदला. नवा दुनळी (नळीत नळी असलेला) शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पूर्ण ताणायचा, उलटा करून पूर्ण दाबायचा, पुन्हा सरळ करून ताणायचा, असं चार-पाच वेळा. आडवा पडून राहिल्यानं आत गेलेली हवा त्यानं निघते. न काढता बसवला तर पहिल्या दिवसापासून टकटक येते आणि दुकानदाराशी उगाच वाद होतो.

‘हेवी ड्यूटी’ म्हणून जास्त ताठ शॉकअप घालायचा सल्ला सर्रास मिळतो. शॉकअप वजन उचलत नाही, हेलकावा थांबवतो. रिकाम्या गाडीला ताठ शॉकअप म्हणजे आणखी एक दणका.

एक्सल चेसीला ठोकतो का?

‘धाड’ असा आवाज येत असेल तर एक्सलच्या वर चेसीला असलेल्या रबरी बफरवर दोन सेंमी जाडीचा शाडूचा किंवा कणकेचा गोळा चिकटवा आणि नेहमीची फेरी मारा. परत आल्यावर गोळा पापडासारखा चपटा झाला असेल तर एक्सल तिथं ठोकतोय. भरलेल्या फेरीत असं झालं तर पाटे बसलेत किंवा माल जास्त आहे. माल जास्त असेल तर उपाय गॅरेजात नाही, काट्यावर आहे. परवान्यापेक्षा जास्त वजनाला दंड २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० आहे, तो पाट्यांच्या कुठल्याही सेटपेक्षा महाग पडतो. रिकाम्या फेरीत गोळा चपटा झाला तर मात्र पाटा तुटलेला आहे असंच समजून शोधा. मेन (सगळ्यात वरच्या) पाट्याच्या डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल भोकाजवळ, आणि सगळे पाटे मधे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी केसासारखी चीर असते. वायर ब्रश मारून, केरोसीननं पुसून, थोडा खडू फासा. चिरेतून केरोसीन झिरपून खडूवर काळी रेघ उमटते.

सेट उघडून साफ करणं

खरं काम हेच. दोन माणसांना दोन्ही बाजूंसाठी एक दिवस लागतो.

पुढच्या चाकांना ठोकळे. जॅक चेसीला लावून, पाट्याचं पुढचं टोक जिथं चेसीला बसतं त्या हँगरच्या पुढं चेसीखाली स्टँड द्या. दुसरा जॅक एक्सलला, म्हणजे एक्सल लोंबकळून ब्रेकचा होज ताणला जाणार नाही. शॉकअपचा खालचा बोल्ट सोडा, मग पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट. यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. एकदा ताणलेला दांडा दुसऱ्यांदा तोच दाब धरत नाही, म्हणून नव्या नटांसह नवे आणूनच गाडी उचला. शॅकलचा (पाट्याचं मागचं टोक चेसीला टांगणारा झुलता दुवा) आणि पुढचा बोल्ट काढला की सेट खाली येतो. तो जड असतो, एकट्यानं धरू नका.

सेंटर बोल्ट सोडण्याआधी सेट मोठ्या व्हाइसमध्ये किंवा दोन सी-क्लॅम्पमध्ये आवळून घ्या. प्रत्येक पाट्याची कमान वेगळी असते, त्यामुळं पाटे ताणात असतात. नुसता बोल्ट काढला तर ते उसळून बोटं घेतात. बोल्ट निघाल्यावर क्लॅम्प दोन्हीकडून थोडे थोडे ढिले करायचे.

प्रत्येक पाटा दोन्ही बाजूंनी वायर ब्रशनं साफ करा. खालच्या पाट्याच्या टोकाची कडा वरच्यात रुतून पायरी पडली असेल, तर ती पाट्याच्या लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं घासून गोल करा. आडवे ओरखडे पाडायचे नाहीत, चीर तिथूनच सुरू होते. पाट्याला वेल्डिंग करू नका, जवळ वेल्डिंग करताना ठिणगीही पडू देऊ नका. ईएन ४५ सारख्या स्प्रिंग स्टीलला तापवून पाणी दिलेलं असतं. एका ठिकाणी टाका लागला की तिथला जीव गेला.

जोडताना मधे ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. टोकांना प्लॅस्टिकचे पॅड असतील तर नवे टाका. जळकं ऑइल मारायची पद्धत आपल्याकडं फार आहे. ते चार दिवस मऊ वाटतं, मग त्यावर धूळ बसून वाळूच्या कागदासारखं होतं, शिवाय बुशचं रबर फुगवतं.

बुश

शॅकलमधलं रबर बाहेर येऊन अळंबीसारखं फुललेलं दिसत असेल तर ते संपलंय. सगळे बुश एकदम बदला. बसवताना होणारी एक चूक फार महागात पडते. आत लोखंडी नळी असलेले रबरी बुश फिरत नाहीत, पिळतात. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले की रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, ताठरपणा वाढवतं आणि सहा महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, मागं उभं राहून दोनदा हलवा आणि मगच मॅन्युअलच्या टॉर्कनं आवळा. यू-बोल्टचे चार नट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्यानं. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. ढिले राहिले तर सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

धातूचे बुश आणि ग्रीस निप्पल असलेली गाडी असेल तर जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन मारायची. ग्रीस आत जात नसेल तर निप्पल बंद आहे, तो बदला. बाहेरून ग्रीस फासून काही होत नाही.

शॅकल कुठं झुकलाय तेही बघा. पाटा दबला की तो लांब होतो आणि शॅकल मागं ढकलला जातो, तेवढी जागा त्याला लागते. पाटे बसलेत म्हणून ठोकून जास्तीची कमान मारून आणली की शॅकल उलट दिशेला पुढं झुकतो आणि पाटा शॅकललाच अडकतो. गाडी उंच दिसते, दणके दुप्पट. अशी कमान फार दिवस टिकतही नाही.

मग पाटा काढायचाच नाही?

वरचं सगळं करून गाडी तरीही उडत असेल आणि माल कायमच हलका असेल, उदाहरणार्थ फक्त भाजी किंवा रिकामे कॅरेट, तर विचार करायला हरकत नाही. आधी काट्यावर फक्त मागची चाकं चढवून रिकामं आणि नेहमीच्या मालाचं वजन घ्या. पाच सारख्या पाट्यांतला एक काढला की ताठरपणा २० टक्के कमी होतो, पण उरलेल्या चारांवरचा ताण २५ टक्के वाढतो. मेन पाटा आणि त्याला लपेटलेला दुसरा पाटा यांना हात लावायचा नाही. मेन पाटा तुटला तर एक्सलला जागेवर धरणारा तो दुसराच असतो.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलपासून चेसीपर्यंत एक दांडी असते, ती लोडप्रमाणं मागच्या ब्रेकचा दाब बदलणाऱ्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. पाटा काढून मागचा भाग खाली आला की व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलीये, आणि तो मागं जास्त दाब सोडतो. पावसात, रिकामी गाडी, करूळ घाटाचा उतार, ब्रेकवर पाय आणि मागची चाकं जाम. पाटा काढला किंवा घातला की ती दांडी मॅन्युअलप्रमाणं सेट करून घ्यायचीच.

जास्त चांगला मार्ग म्हणजे कंपनीच्या मापाचा पॅराबोलिक सेट मिळत असेल तर तो. पाटे कमी, मधे जाड आणि टोकांना पातळ, टोकं सोडून एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून घर्षण जवळपास नाहीच. हेल्पर पाटा (जास्त लोडला मदत करणारा जादा पाटा) काढून एअर बॅग (हवेची स्प्रिंग) बसवणारेही आहेत. त्या चालतात, पण दोन्ही बाजूंना वेगळी नळी हवी, नाहीतर वळणावर हवा एकीकडून दुसरीकडं पळते आणि गाडी जास्तच कलते. चेसीला भोक पाडून काही बसवण्याआधी वॉरंटी आणि पासिंग दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा.

वाळूचं पोतं हा जुना उपाय. वरच्या उदाहरणात २०० किलो टाकले तर हेलकावे २.९ वरून २.४ वर येतात. गुण नक्की आहे, पण २०० किलो फुकट वाहायचे. टाकलंच तर एक्सलच्या थोडं पुढं ठेवा आणि बांधा. फाळक्याशी ठेवलं तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग तरंगतं.

पुढचा भाग दणके देत असेल आणि तिथं टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असेल, तर कुणी तो आवळून गाडी उंच केलीये का ते बघा. आवळल्यानं बार ताठ होत नाही, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्ड्यात चाक खाली सुटतं आणि स्टॉपवर आदळतं. मॅन्युअलच्या उंचीवर परत आणा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. खड्डा नसताना, ठराविक वेगालाच गाडी थरथरत असेल तर हे काहीच करू नका. ते बॅलन्सिंग, वाकडी रिम किंवा प्रोपेलर शाफ्टचं दुखणं आहे.

पुन्हा का होतं

गगनबावड्याकडं पावसाळाभर फेऱ्या करणाऱ्या गाडीचा सेट दिवाळीपर्यंत जाम झालेला असतो. पाणी फटीत शिरतं, ग्रीस धुवून नेतं. ऑक्टोबरात, गळीत हंगामानं रस्ते खराब व्हायच्या आत, टेपची चाचणी करा. दोन सेंमी आला तरच सेट उघडा, उगाच दरवर्षी नको. कोकणातून मासळी आणणाऱ्या गाडीचं मात्र वेगळं आहे. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या भोकातून नेमकं पाट्यावर आणि शॅकलवर ठिबकतं. तिथं वर्षभरातच पाट्याचे पापुद्रे निघतात. त्या भोकाला रबरी नळी बसवून हौद्याखाली एक छोटी टाकी लावा, पाणी तिथं जमू द्या, आणि प्रत्येक फेरीनंतर पाटे गोड्या पाण्यानं खालून धुवा. धुताना प्रेशरची नळी पाट्यांच्या फटीत धरू नका, राहिलेलं ग्रीस तीच उडवते.